घराण्याची करंगळी

बाळाची करंगळी सरळ होती. गवंड्याने सूत लावून बघावी इतकी सरळ.

धाकटीने बाळाच्या उजव्या हातातला मोजा काढला, पुन्हा एकदा पाहिलं आणि मोजा चढवून नाडी बांधली. दीड महिन्यात हे किती वेळा करून झालं होतं, देव जाणे. नुसतं बघून का कुठे हाड वाकतं?

एरवी कुठल्याही घरात सरळ बोटाचं मूल झालं म्हणून आईची झोप उडत नाही. पण हे घराणंच वेगळं होतं. नवऱ्याच्या पणजोबांनी गावाच्या नदीवर दगडी पूल बांधला. शेवटचा दगड बसवताना दोर सुटला, तो पणजोबांनी उजव्या हाताने धरून ठेवला. करंगळी मोडली, पूल उभा राहिला. आणि तेव्हापासून या घरात जन्मलेल्या प्रत्येकाची उजवी करंगळी वाकडी. मुलगा असो की मुलगी, आकड्यासारखी आत वळलेली.

दरवर्षी पूल खुला झाला त्या दिवशी सगळं गोत गोळा व्हायचं. साठ-सत्तर माणसं. वर्षभरात जन्मलेल्या बाळाच्या पंजाचा निळ्या शाईत ठसा घ्यायचा आणि तो एका लांबलचक कापडावर उमटवायचा. त्या कापडावर चाळीसेक पंजे होते, आणि एकाचीही करंगळी सरळ नव्हती.

"रक्त आहे हे, रक्त!" मोठे काका कापड उलगडताना दरवर्षी म्हणायचे, आणि दरवर्षी त्यांचा आवाज भरून यायचा. "कागद खोटं बोलेल, करंगळी बोलणार नाही."

नवऱ्यालाही काय कौतुक त्या बोटाचं! तोसुद्धा पुलांचीच कामं करायचा. धाकटीला पहिल्यांदा भेटला तेव्हा अर्धा तास करंगळीवरच बोलत होता. "शाळेत मी करंगळी वर केली की मास्तरांना कळायचंच नाही, याला बाहेर जायचंय की हा वाकुल्या दाखवतोय!" ती पोट धरून हसली होती. त्या करंगळीवरच भाळली म्हणा ना.

आता हसू कुठलं यायला? गेल्या वर्षी नवरा आठ महिने परगावी कामावर होता. घरी आला तो दोनदाच. मूल त्याचंच होतं, यात तिला तसूभरही शंका नव्हती. पण सगळ्या गोतासमोर सरळ करंगळीचा ठसा उमटला की बायका बोटांवर महिने मोजणार. आणि नवरा? तोही मोजेल.

नशीब एवढंच, की बाळाचे हात तीन महिने मोज्यात ठेवायची या घरात रीत होती. नखं लागतात म्हणे. दवाखान्यात पहिल्याच दिवशी सासूबाईंनी स्वतः विणलेले मोजे बाळाच्या हातांत चढवले. घाईत त्यांनी काही पाहिलं नसावं. सुट्टीवर आलेला नवरा मोजा ओढायला लागला, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"तीन महिने दम धर. तुझा बापही थांबला होता."

परवा न राहवून तिने थोरल्या जावेला विचारलं. थोरलीच्या मुलाची करंगळी काकांनी 'सगळ्यांत देखणी' ठरवली होती.

"ताई, याची जन्मल्यापासूनच अशी होती का हो?"

थोरली भांडी विसळत होती. "दुसऱ्या महिन्यात फार रडला तो," ती म्हणाली. "चार दिवस ताप होता."

विचारलं काय आणि ही सांगतेय काय!

"अहो, मी करंगळीचं विचारतेय."

"सासूबाईंना विचार." थोरलीने नळ मोठा सोडला.

ठशाच्या दिवसाला सहा आठवडे उरले होते. आज दुपारी सासूबाई एकट्याच उशीला अभ्रा घालत बसल्या होत्या. होऊ दे काय व्हायचं ते, म्हणून धाकटी बाळाला घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि तिने मोजा काढला.

"आई, हे बघा. पण बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी कधीही..." पुढे तिला हुंदकाच फुटला.

सासूबाईंनी करंगळी बघितली. मग पदराने तिचे डोळे पुसले.

"अगं वेडे, रडतेस कशाला? मी दवाखान्यातच पाहिली होती."

"म्हणजे... तुम्हाला माझा संशय नाही आला?"

"कसला संशय? सोन्यासारखी पोर तू."

धाकटीला वाटलं, यांच्या पायांवर डोकं ठेवावं. दीड महिना ती आतल्या आत जळत होती, आणि ही बाई सगळं पोटात घालून मोजे विणत होती! अंगावरचं केवढं ओझं उतरलं तिच्या.

"मग काकांना तुम्हीच समजावून सांगाल ना, आई?"

"काकांना काय सांगायचं? पुरुषांना यातलं काही सांगायचं नसतं."

सासूबाई उठल्या. त्यांनी दाराला कडी लावली. रेडिओ सुरू केला, आवाज वाढवला. मग कपाटातून बटणांचा डबा काढला आणि बटणांखाली हात घालून एक लाकडी चाप बाहेर घेतला. दोन जाड पट्ट्या, मधोमध खाच, बाळाच्या बोटाएवढी. वापरून वापरून लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं. कडेला सुरीने कोरलेल्या बारीक रेघा होत्या, एकीखाली एक, कितीतरी. शेवटची अजून ताजी दिसत होती.

"बाळाला आडवं कर," सासूबाई म्हणाल्या, "आणि पाय घट्ट धर. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीच धरले होते."