द्यौची भूमिका

"इंद्र," मुलाने पुकारलं आणि म्हातारा ताडकन उठून उभा राहिला.

पहिल्या वाचनाला ज्याची भूमिका निघेल त्याने उठायचं, ही त्या नाटक मंडळीतली शिस्त त्यानेच घालून दिलेली. आजवर नायक पुकारला की तोच उठायचा. या खेपेला तर इंद्राची वाक्यं घोकून घोकून त्याने घरात बायकोचं डोकं उठवलं होतं.

"बसा, बाबा," मुलगा म्हणाला. दिग्दर्शक आता तो होता. "इंद्र मी करतोय."

कोणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बाकीचे देव वाटले गेले. देवळं, मूर्ती यायच्या कितीतरी आधीचे, उघड्यावरचे देव ते. अग्नीने माणसांच्या आहुत्या वर पोचवायच्या, वरुणाने कोण खोटं वागतं त्यावर नजर ठेवायची, उषेने रोज जगाला उठवायचं, इंद्राने वृत्राला मारून अडलेलं पाणी सोडवायचं. जो तो आपलं काम ऐकून खूश.

"आणि मी?" म्हाताऱ्याला राहवेना.

"तुम्ही द्यौ. म्हणजे आकाश. इंद्राचा बाप."

"अरे वा! मग त्याला काम काय?"

"काही नाही. जुना देव, आता कोणी विचारत नाही त्याला. इंद्र त्याला पाय धरून ओढतो आणि संपवतो. या, करूनच बघू."

कोपऱ्यात पोशाख शिवत बसलेल्या बायकोची सुई थांबली. "अहो, नाही म्हणा की!"

नाही म्हटलं तर रंगमंचच सुटला असता. तो कसला नाही म्हणतोय! निमूट आडवा झाला.

मुलाने घोटा धरला आणि फरशीवरून त्याला फरफटत नेलं. सदरा वर सरकला, पाठ सोलवटली. तेवढ्यात मुलगा अडखळला. पुढचं वाक्यच आठवेना! सगळे बघत राहिले. बापाला वाटलं, पोराची चारचौघांत फजिती होते की काय. त्याने पडल्या पडल्या हळूच सांगितलं, "आता हे आकाश माझं."

"आता हे आकाश माझं!" मुलगा गरजला. टाळ्या पडल्या.

त्याने पाय सोडला, हात झटकले आणि खाली वाकून पाहिलं.

"बाबा, मेल्यावर ओठ हलवायचे नसतात. चला, पुन्हा घेऊ."