उराशी धरलेली बाटली
साताऱ्याच्या दवाखान्यात सुभेदार नाथाजींच्या बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाचा तुकडा काढला, तेव्हा लढाईत न ओरडलेला माणूस गुरासारखा हंबरला. कॅन्सर आहे का, हे मिरजेत तपासणार होते. तुकड्याची बाटली बायको अंबूबाईनं न्यायची होती. कऱ्हाडला एसटी बदलताना तिनं झाकण उघडलं. तुकडा टिकवायच्या उग्र औषधानं डोळे झोंबले. धन्याचं मांस असल्या विषात? संगमावर तिनं ते औषध तेवढं ओतून दिलं, बाटलीत कृष्णामाईचं पाणी भरलं. आठवड्यानं मिरजेहून कळलं, तुकडा सडलाय, दुसरा पाठवा. नाथाजी पुन्हा सुईखाली आले. “बाटलीत औषधाऐवजी पाणी निघालं,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या बाईनं लेकरागत उराशी धरून न्हेली हुती,” नाथाजी कडाडले, “अन् मिरजंच्या गाढवांनी वाट लावली! कोण हाय त्यो, सोलून काढीन!” “यांना हलू देऊ नका,” डॉक्टरांनी अंबूबाईला बजावलं. तिनं धन्याचे दोन्ही हात दाबून धरले.