सीटच्या पोटातला कागद

"पीछे का सीट किसने निकाला?" हुसेनने विचारलं, आणि कैलासच्या हातातला पाना आपोआप पाठीमागे गेला.

हुसेन म्हणजे जुन्या अमेरिकन गाड्यांच्या क्लबातला परीक्षक. गळ्यात भिंग, हातात टॉर्च. त्याने 'ओरिजिनल' लिहून दिलं की गाडीला मान, नाहीतर नुसता पत्रा. आणि गॅरेजचा मालक फहाद तर चार वर्षं साऱ्या बहरीनला सांगत सुटला होता, की सत्तर सालची ही लाल गाडी आठ सिलिंडरचं मोठं इंजिन आईच्या पोटातूनच घेऊन आली.

"फॅक्टरी का लोग एक पेपर सीट का स्प्रिंग में छोड देता था," हुसेन म्हणाला. "चौकोन चौकोन, अंदर कोड. इंजिन का कोड, रंग का कोड, सब. वो पेपर दिखाओ, मैं अभी साइन करता."

"दिखायेगा!" फहाद खुशीत आला. "कैलास निकाला सीट. कैलास कचरा भी नहीं फेंकता. लाओ कैलास, यल्ला! फिर तुम्हारा लीव भी साइन."

त्याने खिशातून डोकावणारा रजेचा फॉर्म थोपटला. शनिवारचं विमान, रविवारी बारसं. आपल्या लेकीला कैलासने अजून फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

"लाता है सर," तो म्हणाला, आणि ज्यात काहीच नव्हतं त्या कपाटाकडे चालायला लागला. हुसेन ऑफिसात दाट दुधाचा करक चहा प्यायला गेला.

बॅटऱ्यांच्या रॅकमागे वायरिंगवाला बेसिल दडून बसला होता. वसईचा.

"मेलास बाबा. जा आता, समुद्र उपस."

"तूपण होतास ना रे!"

"मी फक्त पिकअप चालवली. क्रूसाची शप्पथ, लिंबाला हात नाय लावला."

मंगळवारी तो कागद हाती लागला तेव्हा कैलासची बोबडीच वळली होती. पिवळा पडलेला, घडी घालून सीटच्या पोटात खुपसलेला. आत चौकोन, चौकोनांत आकडे, आणि कोपऱ्यात लाल खडूचा फराटा. कणकवलीकडच्या माणसाने दुसरं काय समजायचं? त्यात गाडीने आधीच तीन बॅटऱ्या खाल्लेल्या, बेसिलचं बोट दारात चेचलेलं. करणी! कागदाचा फोटो गावच्या बाळाजी गुरवाला गेला, गुरवाचा व्हॉइस मेसेज आला, आणि संध्याकाळी बुसैतीनच्या किनाऱ्यावरून लिंबू, उडीद आणि कागद लाटांवर सोडून दोघं मागे वळून न बघता परत आले.

"किधर है?" आता फहाद कपाटापाशी मागे येऊन उभा होता.

"सर… समुंदर में."

"समुंदर?"

कैलासने लिंबापासून सगळं सांगितलं. फहादने शांतपणे फॉर्म काढला, दोन्ही हातांत धरला आणि वरून बोटभर फाडला.

"लीव खलास. तुम भी खलास."

"सर, सर, फोटो है!"

फहादने मोबाइल हिसकावला. घाईत अंगठा भलतीकडे पडला आणि अख्ख्या गॅरेजात गुरव घुमला: "कैलासा, ह्यो कागद गाडयेत ठेव नको! ही गाडी दिसता तशी नाय. सोंग घेतलेला आसा. दर्यात सोड आणि मोकळो हो!"

"क्या बोला?"

"सर, वो बोला गाडी… सोंग…" कैलासला हिंदी शब्द सापडेना. "गाडी नाटक करती है."

"नाटक तुम्हारा पंडित करता है!"

मग त्याने फोटो उघडला. आधी गाडीचा चासी नंबर बघितला. तो त्याला पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ होता. ओठ हलवत त्याने एकेक आकडा जुळवला आणि ओरडला, "मेरा गाडी का! पेपर मेरा गाडी का है!"

कोडही त्याला पाढ्यांसारखे पाठ. बोट इंजिनाच्या चौकोनावर गेलं आणि तिथेच थबकलं. त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. आकडा काही बदलला नाही.

"छे सिलिंडर," तो पुटपुटला. बोट पुढे सरकलं. "हल्का हरा." आणखी पुढे. "रेडिओ… मफी. वो भी नहीं."

समोर ती लालबुंद उभी होती, जावयासारखी.

"मिला?" दारात हुसेन, हातात चहाचा कप.

बेसिल रॅकमागे आणखी बुटका झाला. कैलासने फॉर्मकडे बघितलं. फहादने मोबाइलकडे, गाडीकडे आणि मग कैलासकडे बघितलं.

"मफी पेपर," फहाद म्हणाला. "चूहा खाया."

हुसेनने सुस्कारा सोडला. भिंग पुसलं, पेन काढलं. "चलो. पेपर नहीं तो मालिक का जबान." सही करून त्याने बॉनेटवर प्रेमाने हात फिरवला. "आदमी झूठ बोलता है, फहाद. गाडी कभी नहीं बोलता."

हुसेनची गाडी फाटकाबाहेर वळली.

"डिलीट," फहाद म्हणाला. कैलासने डिलीट केलं. "पंडित का मोबाइल से भी."

"बोलता है सर."

फॉर्मला चिकटपट्टी लागली. लाल बॉनेटवरच ठेवून फहादने सही ठोकली आणि तो गॅरेजच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे ताडपत्रीखाली गेल्या महिन्यात आणलेली काळी गाडी होती. तीही 'ओरिजिनल' असल्याचं तो चार लोकांत सांगून बसला होता. मागची सीट उचकटून त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपडला, आणि एक पिवळी घडी बाहेर काढली.

घडी न उघडता, जिवंत खेकडा धरावा तशी दोन बोटांत लांब धरून, तो कैलाससमोर येऊन उभा राहिला.

"मैंने पढा नहीं," तो म्हणाला. "लिंबू कितना लगता है?"