येणार-जाणार

वस्तीचं चार पानी साप्ताहिक सुरू झालं तेव्हा बातम्यांचा ठणठणाट होता. संपादक दारोदार फिरून विचारायचे, "काही विशेष?" लोक नुसती मान हलवायचे. कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या काकूंनी मात्र पहिल्याच अंकाला बातमी दिली. "रविवारी माझा मुलगा परदेशातून येतोय." संपादकांनी ती हौसेनं 'येणार-जाणार' या सदरात छापली.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी काकू तीच बातमी द्यायच्या आणि ती छापून यायची. मुलगा मात्र कुणाच्या नजरेला पडला नाही. तिसऱ्या वर्षी सलूनवाल्यानं चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "साहेब, तुमच्या बाकीच्या बातम्याही अशाच असतात का?"

ते जिव्हारी लागलं. संपादकांनी तडक काकूंचं घर गाठलं.

"काकू, रागावू नका, पण तो खरंच येणार असतो का?"

"छे हो. वर्षभरात त्याचा साधा फोन नाही."

"मग छापायला का सांगता? माझ्या पेपरची अब्रू जातेय."

काकू म्हणाल्या, "बातमी वाचून शेजारीपाजारी त्याला भेटायला येतात. येणं रद्द झालं म्हटलं की वाईट वाटून तासभर माझ्याशीच बोलत बसतात. पहिल्यांदा अकरा जण आले होते. मागच्या रविवारी दोघंच आले."

संपादकांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि खाली मान घालूनच विचारलं, "या खेपेला सून आणि नातवंडंही येतायत असं टाकू का?"