भांडखोर बाई

"राहू द्या, तुमच्यानं नाही होत," म्हणत सत्यशीलानं शर्टाला हात घातला, तसा उकंडा भडकला.

"हात नको लावू मले! हो तिकडं!"

ती बाजूला झाली. भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. उकंडाची बोटं थरथरत होती. बटण काजात जाता जाता निसटायचं, आणि प्रत्येक वेळी तो बायकोला एक शिवी हासडायचा. शेवटचं बटण लागलं तेव्हा कपाळ घामानं डबडबलं होतं. तसाच फणफणत तो बाहेर पडला. मागून तिचा आवाज आलाच.

"पेपर वाचाले चालले म्हने! ऐकू येते काय कोनाले? मांजरीवानी आवाज झाला तुमचा!"

त्या दिवशी बुद्धविहाराच्या ओट्यावर जमलेल्यांना त्यानं पेपर असा खणखणीत वाचून दाखवला, की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरची माणसं माना वळवून पाहू लागली.

मारेगावात उकंडाला सगळे ओळखत. आयुष्यभर एसटी चालवली होती त्यानं. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना हात थरथरू लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी कंपवात आहे म्हणून सांगितलं. गोळ्यांनी आराम पडेल, पण आजार पुढे सरकतच राहील. चालत राहा, मोठ्यानं बोलत राहा, स्वतःचं स्वतः करत राहा. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा, उकंडाभाऊ." उकंडाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सांगणारा आपल्या धडधाकट पायांनी घरी निघून जायचा. उकंडाचे पाय मात्र चालता चालता मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मनात कितीही असो, पाऊल उचलायचं नाही.

पण सगळ्यांत जास्त राग होता तो बायकोचा. जन्मात कधी वर तोंड करून न बोललेली बाई, तो आजारी पडला आणि जहर झाली. उठताबसता टोमणे. "मानूस पडला की घरचेच लाथा मारते," असं तो विहारातल्या पुंडलिकरावांना सांगायचा. सांगतानाही त्याच्या मुठी आवळायच्या.

दिवाळीला पुसदहून मुलगी आली, उर्वशी. आल्या दिवशीच तिनं आईचं बोलणं ऐकलं आणि ती उसळली.

"लाज नाही वाटत काय वं आई? आजारी मानसाशी असं बोलतं? मी हावो तोवर एक शब्द काढायचा नाही बाबाले!"

सत्यशीला मुकाट्यानं आत निघून गेली.

घर शांत झालं. उर्वशी बाबांची बटणं लावायची, वरणभात कालवून भरवायची, खाटेशी बसून पेपर वाचून दाखवायची. "हळूहळू बाबा, काही घाई नाही," म्हणायची. उकंडा सुखावला. माया अशी असते, त्याला वाटलं. विहारात जाणं आज राहिलं, उद्या राहिलं, मग सुटलंच. एक दिवस पुंडलिकराव चौकशीला आले. उकंडा त्यांच्याशी बोलला. त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनलं?" तो पुन्हा बोलला. पुंडलिकराव नुसतेच हसले आणि मान हलवली. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा भिंत धरून खाटेवरून उठला. आज विहारात जायचंच. स्वयंपाकखोलीच्या दारापर्यंत आला आणि पाय चिकटले. आत मायलेकी बोलत होत्या.

"आई, बाबा खचून राह्यले वं. तू बोलत काहून नाही त्याईच्याशी?"

"तूच बंद केलं ना."

"मी भांडन बंद केलं!"

सत्यशीलानं तव्यावरची भाकर उलटली.

"पयले गोडच बोलत होतो मी. तुह्यासारखीच बटनं लावत होतो. ते खाटेवरून उठतच नव्हते. मंग एक दिवस बकरीनं त्याईचा पेपर खाल्ला. असे तरातरा धावले तिच्या मागं! मी पाहातच राह्यलो. राग आला की पाय सुटते त्याईचे. त्या दिवसापासून मीच बकरी झालो."

तिच्याजवळ जावं असं उकंडाला वाटलं. पण पाऊल उचलेना. इतके दिवस छातीत धगधगणारा राग पार विझून गेला होता.

"सत्यशीला," त्यानं हाक मारली. कोणालाच ऐकू गेली नाही. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तो पुन्हा ओरडला.

ती वळली. आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. यानं सगळं ऐकलं, हे तिला कळलं. उर्वशी त्याला धरायला धावली.

"धरू नको," उकंडा म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "बोल काहीतरी. राग येईन असं बोल."

सत्यशीलाचे डोळे भरून आले होते. इतके दिवस सराईतपणे सुटणारी जीभ आता वळेना. पदर तोंडाला लावून ती उभी राहिली. मग तिनं पदर खाली टाकला आणि रडतारडताच कडाडली,

"गाडी तरी काय चालवत होते तुमी! घाटात अर्धी गाडी उलट्या करत होती!"

"कोन उलट्या करत होतं? नाव सांग त्याचं!" उकंडा गरजला, आणि उंबरा ओलांडून तरातरा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.