सुजाताच्या आवाजामागची गुणगुण

"हात लाव इथे," ईश्वर लेकीला म्हणाले.

सुजाताने कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा टेकवला. डबा बारीक थरथरत होता.

"हा पंखा नाही. पंख्याची थरथर सलग असते. ही मधेच दचकते, म्हणजे हार्ड ड्राइव्ह. ती डब्याला हलवते, डबा टेबलाला, आणि टेबलावर तुझा माइक."

सुजाताला पटलं, पण तिची नजर पुन्हा घड्याळाकडे गेली. नागपूरला ती रेडिओवर निवेदिका होती. तिचा कार्यक्रम लागला की ईश्वर घरात कुणाला भांडंही वाजवू देत नसत. लग्नानंतर अमेरिकेत, बॉथेलला आल्यापासून तो आवाज फक्त रविवारच्या बुद्धवंदनेपुरता उरला होता. मग गेल्या आठवड्यात एका ऑडिओबुक कंपनीने बालकथांसाठी तिच्याकडे नमुना मागितला, आणि ती लहान मुलीसारखी हरखली. नमुना दोनदा परत आला. वाचन सुंदर, पण मागे गुणगुण येते. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला.

नवी ड्राइव्ह मागवली तर ती उद्या येणार. नवऱ्याच्या, राकेशच्या, ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काही करायची मुभा नव्हती. घरी होता तो हा एकच म्हातारा डेस्कटॉप, आणि दोन महिन्यांसाठी आलेले बाबा.

"बाबा, मी सर्च केलं," मागून राकेश म्हणाला. "एक सेटिंग चेंज केलं की ड्राइव्हचा नॉइज कमी होतो म्हणे. ट्राय करू?"

ईश्वर डब्यात डोकं घालून बसले होते. राकेशने पुन्हा विचारलं. शेवटी खांद्याला हात लावला.

"समोर येऊन बोला, राकेशराव," ईश्वर वळून म्हणाले. "कारखान्यात लेथ मशीनच्या शेडमध्ये पाठीमागून बोलणाऱ्याला आम्ही माणसात धरत नव्हतो."

"कामात शिरले की बाबांची समाधी लागते," सुजाता कौतुकाने म्हणाली.

राकेशने समोर येऊन सेटिंग बदललं. थोडा फरक पडला. ईश्वरांनी डब्यावर पंजा ठेवला आणि जावयाला मान डोलावून पावती दिली. मग स्वतःलाही दिली, कारण स्वतःची स्तुती करायला त्यांना कधी दुसऱ्याची गरज लागली नव्हती. "मशीन नवऱ्यासारखं असतं. कुरकुरतं कशावरून ते कळलं की निम्मं काम झालं. मला लगेच कळतं."

कॉम्प्युटर बंद करून त्यांनी ड्राइव्हचे स्क्रू काढले. लोखंड लोखंडाला चिकटून बसलं होतं, खोड तिथेच होती. राकेशची सायकल गॅरेजमध्ये नुसती टांगलेली असे. तिच्या ट्यूबचा बळी द्यायचं ठरलं आणि राकेशने स्वतःच्या हाताने पट्ट्या कापल्या. त्या ड्राइव्ह आणि डब्याच्या मधे लावून झाल्यावर ईश्वरांनी कॉम्प्युटर चालू करायला लावला. आधी डब्यावर तळवा, मग टेबलाच्या कडेवर बोटांची टोकं. मग लेकीकडे पाहिलं.

"आता तू सांग."

"अजून येतंय, बाबा. अगदी थोडं."

"येणारच," ते म्हणाले. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी पेचकसही उचलला होता.

सुजाताला शाळेचे दिवस आठवले. गणिताचं उत्तर बाबांना माहीत असे, पण ते आधी तिच्याकडून वदवून घेत. सवय काही गेली नाही, असं तिला वाटलं आणि त्या मोठ्या, पेचकस धरलेल्या हातांचा तिला फार अभिमान वाटला.

पट्ट्या काढून त्यांनी ड्राइव्ह जाड इलॅस्टिकच्या चार पदरांवर झोळीसारखी झुलवली. आडवी, सपाट, कुठेही डब्याला टेकणार नाही अशी. इलॅस्टिक राकेशच्या जुन्या ट्रॅक पँटचं. डब्याखाली योगा मॅटचे तुकडे सरकवले.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. ईश्वरांनी टेबलावर बोटं टेकली आणि गालातल्या गालात हसले. सुजाता माइकजवळ कान नेऊन उभी होती. खोलीत बाहेरच्या पाईन झाडांतल्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"आता?"

"काहीच नाही, बाबा. खरंच काहीच नाही."

"ऑसम," राकेश म्हणाला. "आमच्या टीममध्ये असे कान असलेला एकही जण नाही." ईश्वर त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते मोकळेपणाने हसले आणि पेचकस पुसून ठेवला.

सुजाताने दुपारी एका दमात वाचलं. दार लावून घेतलं होतं, फक्त बाबांना आत बसू दिलं. वंदनेलाही ते असेच बसत, पहिल्या रांगेत, थेट तिच्यासमोर, तिच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता. वाचून झालं तेव्हा पडद्यावर आवाजाची रेघ दोन वाक्यांच्या मधे अगदी सपाट झोपली होती.

"पाठवायच्या आधी तुम्ही ऐका," ती म्हणाली. "पहिलं तुम्हीच."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि कॉम्प्युटरकडे वळली. ईश्वर ताठ बसले. त्यांनी डोळे मिटले. मान हळूहळू डोलू लागली, ओठांवर हसू आलं, मग डोळ्यांच्या कडा ओलावल्या. हेडफोन काढून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तोच आवाज, पोरी. नागपूरचा. मागे कसली कुरकुर नाही की काही नाही. दे पाठवून."

सुजाताने अजून काहीच लावलं नव्हतं. ती फाइलच शोधत होती.