बादशहाभाईंचे हात

कुपवाडच्या त्या कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस अडकायचा तो फक्त बादशहाभाईंच्या पाळीत. बाकी कुणाच्या हातात नाही. पंचवीस वर्षांचा कसलेला कारागीर, पण आता वय झालं, हात थरथरतात, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. ठरवणाऱ्यांचं काय, बसल्या जागी ठरवतात. सोमवारपासून भाईंना पॅकिंगला बसवायचं, हेही ठरून गेलं होतं.

प्रेस ज्या कंट्रोलरवर चालायचा, त्याचा कर्नल, म्हणजे सगळ्यात मुळाशी चालणारा प्रोग्रॅम, कंट्रोलरच्या कंपनीतल्या भार्गवीनं लिहिलेला. सकाळपासून ती लॅपटॉप जोडून बसली होती. हात प्रेसखाली सापडू नयेत म्हणून दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. तिनं ती शंभरदा दाबून पाहिली. प्रेस आपला खुशाल चालतोय. शेवटी तिनं बादशहाभाईंनाच बोलावलं.

"नको ताई. माझ्याच हातानं बंद पडतंय. पोरं हसत्यात."

"पडू दे बंद. मला तेच बघायचंय."

बाराव्या खेपेला प्रेस जागच्या जागी थांबला. भाईंनी मान खाली घातली.

भार्गवी मात्र स्क्रीनवर झुकली. इतरांचं एक बटण दुसऱ्याच्या जरासं मागं पडायचं. भाईंची दोन्ही अगदी एका क्षणी. दोन्ही बटणांचे निरोप एकाच वेळी मेमरी मागायचे आणि कर्नल एकच तुकडा दोघांना देऊन मोकळा व्हायचा, की प्रेस ठप्प. एकाला थांबवून ठेवणारं लॉक तिनंच दिवाळीत काढलं होतं, वेग वाढावा म्हणून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॉक परत घालायला चार ओळी लागल्या. मग भाईंनी दुपारभर प्रेस चालवला. एकदाही अडकला नाही.

"चूक माझी होती, भाई," ती म्हणाली. "तुमचे हात इतके नेमके चालतात, की माझा प्रोग्रॅमच गडबडायचा. मालकांना आत्ताच सांगून आले. तुम्ही प्रेसवरच राहणार."

भाईंनी हात पुसले, खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि फोन तिच्यापुढं धरला.

"आमच्या सलिमाला तुमीच सांगा, ताई. म्हैना झाला, मला चा द्यायचा तर सांडंल म्हणून कप अर्धाच भरतीया."